डब्यातला अननस

धाकटी : हा पहिला तुम्हाला देणार नाही, वहिनी. पहिला क्रेप बिघडतोच. आमच्या हौशी स्वयंपाकाच्या गटात नियमच आहे, पहिल्याला नावं ठेवायची नाहीत, बोलायचं ते दुसऱ्यापासून.

थोरली : बिघडलाय कुठे? कडेला जरा फाटलाय. आण इकडे. ह्या गुडघ्यांनी जिना चढून वर आलेय मी, फाटकंतुटकं काहीही चालेल.

धाकटी : बसा हो. खुर्ची पुढे घ्या. फ्रेंच धिरडंच हे, पण पीठ तासभर मुरवलंय. मैदा, अंडी, दूध, वितळवलेलं लोणी. दुकानातून निवृत्त झाल्यापासून कितव्यांदा करतेय माहितीये? अकराव्यांदा. ह्यांनी सात वेळा गुमान खाल्ले, आठव्यांदा म्हणाले, बाई गं, मला साधा पाव दे.

थोरली : माझ्या दिराला काय कळतंय! लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून बघतेय. गरम असलं की झालं, मग पुढ्यात चप्पल का ठेवेनास.

धाकटी : धरा, हा दुसरा. वर साखर आणि लिंबू पिळलंय. कसा आहे? खरं सांगा हं.

थोरली : मऊ आहे. चांगला झालाय.

धाकटी : खरंच? की धाकट्या जावेचं मन राखताय?

थोरली : खरंच गं. आणखी एक दे.

धाकटी : देते. पण खाता खाता माझं वाचन ऐकायचं. म्हणून तर बोलावलंय तुम्हाला. साडेपाचला वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये आमच्या गटाची बैठक आहे. आजचा विषय जुन्या जमान्यातले पदार्थ. ज्याला जमेल त्यानं करून आणायचं, आणि सगळ्यांनी एकेक अनुभव सांगायचा. बँकेतल्या कॅशियरबाई उलटा केक आणणारेत, तळाला अननसाच्या चकत्या लावतात तो. दाताचे डॉक्टर काड्यांना चीज आणि द्राक्षं टोचून आणणार. म्हटलं, डॉक्टर, तुमचा टोचायचा हात बसलेलाच आहे!

थोरली : आणि तू काय नेणार? हे क्रेप?

धाकटी : हे घरचे. तिकडे मी फक्त बोलणार. बोलायला काय, तोंड आहेच. पोरगी पाचला गाडी घेऊन येतेय, तिला सांगितलंय, तुझ्या मोठ्या आईलाही न्यायचंय.

थोरली : मला कशाला? मी काय गटात आहे?

धाकटी : कळेल. ऐका आता. चष्मा कुठे ठेवला मी? सव्वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काढली आणि स्वतःचा सापडेल तर शपथ. हां. 'मंडळी, माझा अनुभव एका वाहून गेलेल्या जेलीचा आहे.'

थोरली : अगं, ते कशाला काढतेस चारचौघांत?

धाकटी : गंमत आहे हो. अठ्ठावीस वर्षं झाली, आता हसायला काय हरकत आहे? ऐका. 'माझ्या सासऱ्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला घरात पस्तीस माणसं होती. तेव्हा जेली म्हणजे मोठ्या हॉटेलातली गोष्ट. मी मासिकातलं चित्र कापून वहीत चिकटवलं होतं. काचेसारखी पिवळी जेली, आत अननसाचे तुकडे, डोक्यावर चेरी. त्यासाठी उभा साचा विकत आणला. त्या दिवशी मी घरात कुणालाही फ्रीजला हात लावू दिला नाही.'

थोरली : मला दिलास.

धाकटी : काय?

थोरली : काही नाही. वाच.

धाकटी : 'सासऱ्यांचे साहेब आणि साहेबांच्या बाई अगदी पुढच्या खुर्च्यांवर. मी साचा ताटात उपडा केला, वरून टिचकी मारली, उचलला. आणि जेली जी निघाली ती थांबेचना. ताटातून टेबलावर, टेबलावरून बाईंच्या मांडीवर. चेरी गडगडत दारापाशी गेली. कुणी काही बोलायच्या आत माझे सासरेच म्हणाले, सूनबाई, सरबत फक्कड झालंय, पेले आण!' इथे लोक हसतील. हसतील ना?

थोरली : हसतील.

धाकटी : 'तेव्हापासून आमच्याकडे माझं नाव सरबतवाली. पाहुणे आले की मोठे भावोजी विचारायचे, आज जेवण आहे की सरबत?' आता शेवट ऐका, हा मला फार आवडलाय. 'पण त्या दिवशी माझी लाज राखली ती माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. त्यांनी उरलेली जेली पातेल्यात घेतली, घरात होता तेवढा केक तिच्यात भिजवला, वर कस्टर्ड ओतलं, आणि अर्ध्या तासात पस्तीस वाट्या पुढे केल्या. लोकांनी चाटूनपुसून खाल्लं. सासरे म्हणाले, थोरलीच्या हाताला देवानं चव दिलीय. खरंच दिलीय. माझ्या लेकीला त्यांनीच वाढवलं. आज त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी उभं राहावं, अशी विनंती.' आणि मग टाळ्या! कसं आहे?

थोरली : ते शेवटचं काढून टाक.

धाकटी : वा! तेच तर मुख्य आहे.

थोरली : काढ म्हणते ना. मी उभी राहणार नाही.

धाकटी : गुडघ्यामुळे? मग बसूनच हात जोडा.

थोरली : गुडघ्यामुळे नाही.

धाकटी : लाजताय होय! अहो, माझं काय चुकलं होतं ते मला अजून कळलेलं नाही, तुमचं काय बरोबर होतं ते तरी सांगू द्या. आमच्या गटात एक मास्तर आहेत, रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांना मी हे आधी वाचायला दिलं. त्यांनी एकच विचारलं, अननस ताजा होता का? म्हणे ताजा असेल तर जेली कधीच घट्ट होत नाही. त्याच्या रसातच असं काही असतं की जेली धरतच नाही. डब्यातला शिजवून भरलेला असतो, तो चालतो. मी म्हटलं, मास्तर, डब्यातलाच होता. मीच फोडला डबा, हे बघा, बोटावर अजून वण आहे. मग ते डोकं खाजवायला लागले. म्हणाले, मग का बिघडली असेल? मी म्हटलं, हात माझा! आणखी कारण कशाला हवं?

थोरली : असं म्हणालीस तू?

धाकटी : हो. हसले ते.

थोरली : गॅस बंद कर.

धाकटी : तवा निवेल हो. हा आत्ताच घातलाय.

थोरली : निवू दे. अननस ताजा होता.

(तव्यावरचा क्रेप करपू लागतो. दोघींपैकी कुणी उठत नाही.)

धाकटी : नाही हो वहिनी. मी डबा फोडला होता.

थोरली : फोडलास. बारीक तुकडे केलेस, वाडग्यात काढून फ्रीजमध्ये ठेवलेस, मला लक्ष ठेवायला सांगितलंस, आणि पोरीला बालवाडीतून आणायला गेलीस. मी त्याच सकाळी बाजारातून अननस आणला होता. असा पिकलेला, की घरभर वास. मनात आलं, मामंजींचा एवढा मोठा दिवस, आणि ही त्यात डब्यातला फिका अननस घालणार? मग सोलला. तुझ्यासारखेच तुकडे केले, साखर भुरभुरवली. तुझे काढले आणि माझे ठेवले.

धाकटी : मला सांगितलं का नाही?

थोरली : खाल्ल्यावर तूच विचारशील, असं वाटलं. वहिनी, अननस काय गोड लागतोय, म्हणशील. मग सांगणार होते. माया होती गं तुझ्यावर. आणि आता खोटं कशाला बोलू, तोराही होता थोडा. डब्यातलं घालते म्हणजे काय, असा.

धाकटी : आणि माझा अननस?

थोरली : कुठला?

धाकटी : डब्यातला. त्याचं काय केलंत?

थोरली : खाल्ला. ओट्यापाशी उभी राहून.

धाकटी : मी साचा बघायला फ्रीज उघडत होते दुपारी. सारखा उघडू नकोस, धरायची नाही, असं तुम्हीच म्हणालात.

थोरली : म्हणाले. जेलीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आपलं मोठेपणानं म्हणाले.

धाकटी : म्हणजे ताज्यानं असं होतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं.

थोरली : शपथ घेऊन सांगते, त्या दिवशी नव्हतं.

धाकटी : त्या दिवशी नव्हतं. मग कधी कळलं?

थोरली : आठ दिवसांनी.

धाकटी : आठ दिवसांनी.

थोरली : तू तोंड पाडून बसली होतीस. म्हटलं, हिला परत करायला लावू, आपण दोघी मिळून करू. दुकानात जाऊन जेलीचं पाकीट घेतलं. मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं, ताजा अननस वापरू नये. तिथेच उभी राहून तीनदा वाचलं.

धाकटी : आणि घरी आलात.

थोरली : आले. ह्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आले. पाकीट हातातच होतं.

धाकटी : मग?

थोरली : मग पोर वरून धावत आली. मोठी आई, भूक लागली. तू त्याच आठवड्यात दुकानात संध्याकाळची पाळी मागून घेतली होतीस. स्वयंपाकघराचं तोंड बघत नव्हतीस. जेवायला तिला खाली पाठवायला लागली होतीस. त्या दिवशी ती माझ्या मांडीला चिकटून बसली आणि दोनदा मागून जेवली. आमचं तुला माहीतच आहे. डॉक्टर झाले, औषधं झाली, पाळणा काही हलला नाही. मी म्हटलं, आज नको, उद्या सांगेन. उद्या सांगितलं तर परवापासून ती वरच जेवेल, हेही कळत होतं मला.

धाकटी : म्हणून नाही सांगितलंत.

थोरली : म्हणूनच. दुसरं कारण जोडून द्यायचं तर देता येईल, पण हेच खरं. उद्या उद्या करत पोरगी शाळा संपवून बाहेरगावी शिकायला गेली. मग वाटलं, आता शिळ्या कढीला ऊत कशाला आणायचा? तू तर हसून सांगायला लागली होतीस. मला वाटलं, विसरलीस.

धाकटी : हसून सांगायचे, कारण मी नाही सांगितलं तर भावोजी सांगायचे. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

थोरली : त्यांना एकदा दटावायचं तेवढंही झालं नाही माझ्याच्यानं.

धाकटी : ती सहावीत असताना तिला ताप आला होता. मी रजा घेऊन घरी होते. मैत्रिणीला फोन करून विचारून विचारून सूप केलं. गाजरं किसली, गाळलं, सगळं. पोरीनं दोन चमचे घेतले आणि म्हणाली, आई, खालचं आण ना. मी खाली आले. आठवतंय?

थोरली : आठवतंय.

धाकटी : तुम्ही वाडगं भरून दिलंत. ते घेऊन मी जिन्यातच बसून राहिले. सूप निवलं. तुम्ही बाहेर आलात, वाडगं घेतलंत आणि परत गरम करून दिलंत. तेव्हा तरी सांगायचंत. तेव्हा आपण दोघीच होतो.

थोरली : तोंडापर्यंत आलं होतं.

धाकटी : लेकराच्या जिभेला खोटं बोलता येत नाही, असं मला वाटलं. तिलाही कळलंय, आईच्या हाताला चव नाही. वहिनी, माझ्या कात्रणांच्या तीन वह्या होत्या. रद्दीवाल्याला दिल्या मी. त्यानं वजनकाट्यावर टाकल्या तेव्हा मला हलकं वाटलं होतं, काय सांगू! म्हटलं, सुटले. आणि मग निवृत्त होईपर्यंत लोकांना विचारत बसले, ह्या काचेतून बरं दिसतंय की ह्या?

थोरली : माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला.

धाकटी : मग म्हणू नका.

थोरली : संध्याकाळी सगळं वाच. माझं नाव घेऊन वाच. मी उभी राहते आणि माझ्या तोंडानं सांगते. त्या मास्तरांना सांगते, पोरीसमोर सांगते.

धाकटी : पोरीसमोर नाही.

थोरली : तिला कळायला नको?

धाकटी : तिला तुम्ही जे खाऊ घातलंत ते मनापासून घातलंत ना?

थोरली : घास न् घास.

धाकटी : मग ते तिच्या पोटात गेलंय. आता मी ते कशाला नासवू? घरात तेवढी ती एकटी सुखानं जेवलीय. जेवू दे.

थोरली : मग तू काय वाचणार?

धाकटी : क्रेपवर बोलेन काहीतरी. पहिला सगळ्यांचाच बिघडतो, ह्यावर बोलेन. हे मला साठीत कळलं, एवढंच.

थोरली : बरं.

धाकटी : आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसू नका.

थोरली : मागे बसते.

धाकटी : मागेही नको. आज घरीच थांबा, वहिनी. मला तुमच्याकडे न बघता बोलायचंय.

थोरली : बरं. हा करपलेला उचलू का? वास भरलाय घरात.

धाकटी : राहू दे. मी उचलते. माझा आहे तो.

मुलगी : आई, झालं का तुझं? गाडी फाटकासमोरच आडवी लावलीय, कुणी ओरडायच्या आत निघू. ए, काय करपलंय? अरे वा, मोठी आई चक्क वर! म्हणजे आज मेजवानी आहे. हे क्रेप? घेते हं, सकाळपासून मीटिंगा, पोटात कावळे ओरडतायत.

धाकटी : हात धू आधी.

मुलगी : धुतले समज. हं. मोठी आई, मीठ विसरलीस ना? पीठ अगदी अळणी लागतंय गं. म्हातारी झालीस तू आता.

थोरली : मी नाही केले.

मुलगी : मग कुणी केले?

थोरली : तुझ्या आईनं.

मुलगी : आई, तू? ए, मग मस्तच आहेत! किती पातळ जमलेत! थांब, फोटो काढते, बाबांना दाखवू.

धाकटी : मीठ कमी आहे का?

मुलगी : नाही गं, छान आहेत.

धाकटी : आत्ता तर अळणी म्हणालीस.

मुलगी : ते मला वाटलं मोठ्या आईनं केलेत, म्हणून. तू तर आत्ताच शिकतेयस ना.

धाकटी : त्यांनी केले तर अळणी, आणि मी केले तर छान?

मुलगी : आई, चिडू नकोस ना. कौतुक करतेय मी.

धाकटी : चिडले नाही गं. वहिनी, तुम्ही दोन खाल्लेत. तुम्हाला लागलं नव्हतं अळणी?

थोरली : लागलं होतं.

धाकटी : मग?

थोरली : वाटलं, एवढ्या हौसेनं करतेयस. वाईट वाटेल तुला.

धाकटी : वाटू द्यायचं हो. वेळेवर सांगितलं तर मीठ घालता येतं.

मुलगी : काय झालंय तुम्हा दोघींना? मिठावरून एवढं?

धाकटी : काही नाही. तू परत एक घास घे, आणि तुझ्या मोठ्या आईला सांगतेस तसं मला सांग.

मुलगी : मीठ कमी आहे, आई.

धाकटी : किती?

मुलगी : चिमूटभर. जास्त नाही, खरंच. आणि लिंबूही थोडं जास्त पिळलंयस.

धाकटी : असं. दे ती बरणी इकडे.

थोरली : मी निघते खाली.

मुलगी : खाली काय? तयार हो, तुलाही न्यायचंय. आई म्हणाली होती, तुला काहीतरी सरप्राइज आहे.

थोरली : गुडघा धरलाय गं आज. तुम्ही दोघी जा.

मुलगी : आई, सांग ना तिला. तू म्हणालीस की येईल ती.

धाकटी : गुडघा दुखतोय म्हणतायत ना त्या. जिन्याचा दिवा लाव, नीट उतरू देत त्यांना.

थोरली : दिवा नको. पायऱ्या पाठ आहेत मला.

मुलगी : गेली पण. आई, ती रडत होती का?

धाकटी : क्रेप करपला ना, त्याचा धूर डोळ्यांत गेला असेल. अजून चारांचं पीठ आहे. मीठ घालून करते. दोन तू खा, आणि दोन खाली नेऊन दे, गरम आहेत तोवर.

मुलगी : वरून खाली? आजपर्यंत कधी असं नेलंय आपण?

धाकटी : नाही नेलं. आज ने. त्यांच्यासमोर बसून खाऊ घाल, आणि त्या काय म्हणतात ते ऐकून ये.

मुलगी : छानच म्हणेल ती.

धाकटी : म्हणू दे. जे म्हणतील तेच मला येऊन सांग.